श्वासावर आलेली बंदी: ली गुयी यांचं एक गाणं आणि समुद्रापलीकडचा रेडिओ

31 डिसेंबर 1979 च्या रात्री चीनच्या सेंट्रल टेलिव्हिजनवर यांगत्से नदीच्या तीन घळींवरचा एक संगीतपट दाखवला गेला. नदी डोंगर कापत जाते तो परिसर, तिथल्या दंतकथा आणि मधूनमधून गाणी, असं त्याचं स्वरूप होतं. त्यातलं एक गाणं वांग झाओजुनचं. ही हान राजवटीच्या काळातली तरुणी. इसवी सनपूर्व 33 मध्ये उत्तरेकडच्या श्योंगनू टोळ्यांच्या सरदाराशी तिचं लग्न लावून दिलं गेलं, आणि तिचं माहेर याच घळींच्या मुलखातलं. कायमची दूर निघालेल्या मुलीला लागलेली गावाची ओढ, एवढाच गाण्याचा विषय. गाण्याचं नाव 'श्यांगल्यान', म्हणजे गावाची ओढ. संगीत झांग पीजी यांचं, शब्द मा जिंगह्वा यांचे आणि आवाज ली गुयी यांचा.

1980 च्या सुरुवातीला हेच गाणं चीनच्या मध्यवर्ती रेडिओच्या 'आठवड्याचं गाणं' या कार्यक्रमातून देशभर गेलं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. थोड्याच दिवसांत टीका सुरू झाली आणि गाणं प्रक्षेपणातून गायब झालं. चीनमध्ये आजही त्याची ओळख 'आर्थिक सुधारणांच्या काळातलं पहिलं बंदी आलेलं गाणं' अशीच करून देतात.

शब्दांत राजकारण नाही, शिवराळपणा नाही, कुणावर टीका नाही. मग बंदी कशावर? ली गुयी माइकच्या अगदी जवळ उभं राहून, श्वास ऐकू येईल अशा हलक्या आवाजात गायल्या, हा मुख्य आक्षेप होता. मला हे प्रकरण अभ्यासावंसं वाटलं ते याचसाठी. गाण्याच्या मजकुरावर बंदी येते हे आपण खूपदा पाहिलंय. इथे आवाज लावण्याच्या पद्धतीवर बंदी आली. आणि ती टिकली नाही याचं मोठं कारण म्हणजे देशाबाहेरच्या चिनी भाषेतल्या रेडिओंनी त्या आवाजाची सवय श्रोत्यांना आधीच लावून ठेवली होती.

कर्ण्यांचा देश

हा आवाज इतका टोचला का, हे समजायला त्याआधीची वीसेक वर्षं चीन काय ऐकत होता ते पाहावं लागतं.

खेड्यापाड्यांत रेडिओ म्हणजे मुख्यतः तारेवरून येणारं प्रक्षेपण. कम्यूनच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या गावगटाच्या, केंद्रावरून तारा निघायच्या, खांबांवर कर्णे असायचे, पुष्कळ घरांत भिंतीवर एक छोटी पेटीही असायची. या पेटीला स्टेशन बदलायचं बटण नसे. केंद्रावरून जे सोडलं ते ऐकायचं. सांस्कृतिक क्रांतीच्या, म्हणजे माओंनी 1966 मध्ये सुरू केलेल्या आणि दहा वर्षं चाललेल्या राजकीय उलथापालथीच्या, वर्षांत दिवसाची सुरुवात माओंच्या गौरवगीतानं व्हायची आणि शेवट 'इंटरनॅशनल' या कामगार चळवळीच्या गीतानं. मधल्या वेळेत क्रांतिगीतं आणि अधिकृत मान्यता असलेल्या 'आठ आदर्श कलाकृतीं'मधले प्रवेश. त्या काळच्या गायनाचं वर्णन चिनी संगीतकारांनीच पुढे चार शब्दांत केलं: उंच, जलद, कडक, मोठ्यानं.

यात निव्वळ विचारसरणीच होती असं मात्र नाही. भाताच्या खाचरापलीकडे, कारखान्याच्या आवारात, शाळेच्या मैदानावर पोचायचं तर आवाज फेकावाच लागतो. कर्ण्याखाली एकाच वेळी पाचशे माणसं उभी असतात, आणि गाणाराही त्या पाचशेंसाठीच गातो. एकट्या माणसाशी बोलणारं गाणं कर्ण्यावर लावलं तर ते केविलवाणं वाटेल. कर्ण्यानं गायकी घडवली, आणि त्या गायकीलाच पुढे देशभक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

याच काळात दुसरं एक यंत्र घराघरात शिरत होतं. शहरातल्या लग्नात तेव्हा चार वस्तूंची अपेक्षा असायची: सायकल, शिवणयंत्र, मनगटी घड्याळ आणि रेडिओ. 'तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी' असं त्यांना गमतीनं म्हणत. शांघायचा 'लाल कंदील', बीजिंगचा 'पिओनी' हे रेडिओचे नावाजलेले ब्रँड. वर्षानुवर्षं पैसे साठवून घेतलेल्या या संचाला भिंतीवरच्या पेटीत नसलेली एक गोष्ट होती. त्याला बटण होतं, आणि ते फिरवलं की स्टेशन बदलत होतं.

रात्री येणारी स्टेशनं

मध्यम लहरी दिवसा फार लांब जात नाहीत, कारण वातावरणाचा एक थर त्या शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि शेकडो किलोमीटर दूरची स्टेशनं डायलवर वर येतात. लघुलहरी तर आकाशातून परावर्तित होत खंड ओलांडतात. त्यामुळे तैवानची प्रक्षेपणं समुद्र ओलांडून यायची ती प्रामुख्यानं रात्री. व्हॉइस ऑफ अमेरिका आणि बीबीसीच्या चिनी सेवा होत्या. रेडिओ ऑस्ट्रेलियाची मँडरिन सेवाही होती, आणि त्या पिढीच्या आठवणींत तिचं नाव पुन्हा पुन्हा येतं, कारण तिच्यावर गाणी लागायची.

सांस्कृतिक क्रांतीत 'शत्रूचं स्टेशन' चोरून ऐकणं हा गुन्हा होता. शेजाऱ्यानं कळवलं तर माणूस तुरुंगात जाई. 1970 च्या दशकाच्या शेवटी धाक सैल झाला, पण सवयी तशाच राहिल्या. आवाज अगदी बारीक ठेवायचा, कान संचाला लावायचा, खिडकी बंद करायची. स्टेशनावर सरकारी गोंगाट सोडलेला असेल तर बटण केसभर इकडेतिकडे करत गाणं शोधायचं. लघुलहरींवर आवाज लाटेसारखा येतो आणि जातो. अंतरा ऐकू येतो आणि नेमका मुखडा बुडतो. गाण्याचं नाव कळायचं नाही, गाणारीचं तर त्याहून नाही. अशा अवस्थेत हजारो लोकांनी एक आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि तो होता तेरेसा टेंग यांचा.

तेरेसा टेंग, चिनी नाव डेंग लीजून, यांचा जन्म 1953 चा, तैवानमधल्या युनलिन जिल्ह्यातला. वडील यादवी युद्धात कम्युनिस्टांकडून हरलेल्या राष्ट्रवादी सैन्याबरोबर मुख्य भूमीवरून, म्हणजे चीनमधून, तैवानला आलेले. विशीच्या आसपास त्या हाँगकाँग, जपान आणि आग्नेय आशियात लोकप्रिय झाल्या. मँडरिन, कँटोनीज आणि जपानी या तिन्ही भाषांत त्यांनी भरपूर गायलं. 1979 चं त्यांचं 'थ्यान मी मी' आजही चिनी माणूस जगात जिथे असेल तिथे वाजतं, आणि त्याची चाल मुळात इंडोनेशियातल्या लोकगीताची आहे. स्थलांतरित चिनी समाजाचं संगीत असंच घडत गेलं. चाल एका बंदरावरची, वाद्यवृंद दुसरीकडचा, रेकॉर्डिंग तिसऱ्या शहरात, आणि रेडिओ ते सगळं परत चीनकडे नेत असे.

तेरेसा यांचा आवाज स्टुडिओतला होता. माइकजवळचा, हलका, शब्दाच्या शेवटी श्वास सुटू देणारा. संचाला कान लावून बसलेल्या श्रोत्याला तो थेट आपल्याशी बोलल्यासारखा वाटे. कर्ण्यावर असं कधी घडलं नव्हतं.

फुजियानच्या किनाऱ्यावर तर रेडिओचीही गरज नव्हती. शियामेन शहरासमोर तैवानच्या ताब्यातलं किनमेन बेट आहे. 1958 पासून दोन्ही बाजू एक दिवसाआड एकमेकांवर तोफा डागत. पुढे त्यांत स्फोटकांऐवजी प्रचारपत्रकांचे गोळेच जास्त असत. हा प्रकार 1 जानेवारी 1979 ला थांबला. याच बेटावर 1967 मध्ये बैशान इथे काँक्रीटची एक भिंत उभारली गेली. तिच्यात 48 लाउडस्पीकर बसवलेले आहेत आणि त्यांचा आवाज 25 किलोमीटरपर्यंत जाई असं सांगतात. या भिंतीवरून घोषणांच्या जोडीला तेरेसा यांची गाणीही समुद्रापार सोडली जात. युद्धाच्या यंत्रणेनं प्रेमगीतं वाजवावीत, यात दोन्ही बाजूंना गाण्याच्या ताकदीची किती जाणीव होती ते दिसतं.

रेडिओवर ऐकलेलं गाणं हातात राहत नाही. ते राहायला लागलं कॅसेटमुळे. 1978 नंतर हाँगकाँगचे नातेवाईक, खलाशी आणि परदेशी जाऊन येणारे अधिकारी यांच्याबरोबर विटेच्या आकाराचे जपानी टेपरेकॉर्डर येऊ लागले. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. दहाव्या प्रतीत खरखरच जास्त, तरी ती ऐकली जाई. तेव्हा लोक म्हणायचे, दिवसा म्हाताऱ्या डेंगचं ऐकायचं आणि रात्री छोट्या डेंगचं. म्हातारा डेंग म्हणजे अर्थातच चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग.

गाणं बनलं कसं

ली गुयी यांचा जन्म 1944 चा, कुनमिंगचा. त्या घडल्या हुनान प्रांतात, तिथल्या ह्वागू या लोकनाट्यात. या परंपरेत आवाज मोकळा, गळ्याची फिरत बारीक, आणि शब्द पहिल्या झटक्यात समजला पाहिजे ही अट. 1974 मध्ये त्या बीजिंगच्या सेंट्रल फिलहार्मोनिक या सरकारी संगीतसंस्थेत आल्या आणि तिथे पाश्चात्त्य पद्धतीच्या आवाजसाधनेशी त्यांचा जवळून संबंध आला. म्हणजे त्यांच्या गळ्यात दोन तालमी होत्या, आणि दोन्ही तालमी अस्सल होत्या. पुढे त्यांच्यावर हाँगकाँग-तैवानची नक्कल केल्याचा आरोप झाला, तेव्हा टीकाकारांनी हे विचारात घेतलेलं दिसत नाही.

'श्यांगल्यान'च्या आधी याच प्रसंगासाठी दुसरं गाणं तयार झालं होतं. ते प्रसंगाला पेलत नाही असं ली गुयी यांचं मत पडलं. मग मा जिंगह्वा यांनी शब्द नव्यानं लिहिले आणि झांग पीजी यांनी नवी चाल बांधली. रेकॉर्डिंगला ड्रमसेट, इलेक्ट्रिक गिटार आणि इलेक्ट्रॉनिक ऑर्गन घेतले. तोवर ही वाद्यं सरकारी स्टुडिओत 'भांडवलशाही' समजली जात.

आणि मग तो श्वास. शास्त्रशुद्ध तालमीत ओळीचा शेवटचा स्वर भरीव ठेवून, आधार न सोडता संपवायचा असतो. ली गुयी यांनी काही जागी तो आधार मुद्दाम सोडला. स्वर संपायच्या आधीच त्यात हवा मिसळू दिली, आणि शब्द अर्धा आवाजात, अर्धा उच्छ्वासात संपू दिला. त्यांनी हे पहिल्यांदा केलं असंही नाही, त्याआधीच्या काही चित्रपटगीतांतही या जागा सापडतात. पण तिथे त्या अधूनमधून होत्या, इथे सगळं गाणं त्यांच्यावर उभं राहिलं. मोठ्या सभागृहात, माइकशिवाय, हे तिसऱ्या रांगेपलीकडे पोचणार नाही. म्हणजे हे गाणं माइक आणि रेडिओचा संच गृहीत धरूनच गायलेलं आहे. त्यात 'तू' असं संबोधून केलेलं बोलणं आहे. तो 'तू' गाव आहे की प्रियकर, हे गाणं स्पष्ट सांगत नाही. माझ्या मते गाण्याचा जीव याच अस्पष्टतेत आहे, आणि टीकाकारांचं बोटही नेमकं तिथेच गेलं.

आक्षेप कुणाचे, कशावर

1980 च्या आरंभी बीजिंगच्या संगीतविषयक वृत्तपत्रात टीका छापून आली. त्याच वर्षी संगीतकार संघटनेनं बीजिंगच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांत एक बैठक भरवली. तिथे या गाण्याला आणि एकूणच या वळणाला धारेवर धरण्यात आलं. मुद्दे असे होते: ताल कॅफे-नाचघरातला आहे, वाद्यं परकी आहेत, आवाज मादक आहे, आणि हे सगळं हाँगकाँग-तैवानकडून उचललेलं आहे. 'पिवळी गाणी' हा शिक्का चीनमध्ये अश्लील, मन नासवणाऱ्या संगीतासाठी वापरतात. तो शिक्का ली गुयी यांच्या नावाला लागला. ऑक्टोबर 1980 मध्ये 'ग्वांगमिंग डेली'नं त्यांची बाजू समजून घेणारा लेख छापला, तेव्हा वाचकांच्या पत्रांतून मोठा वाद पेटला. बाजू घेणारीही होती, झोडपणारीही होती.

1982 मध्ये पीपल्स म्युझिक पब्लिशिंग हाउसनं 'पिवळी गाणी कशी ओळखावीत' हे सांगणारी पुस्तिकाच काढली. जाझचा ताल, तोडलेले ठेके, श्वासाळ आवाज, बोलल्यासारखं गाणं ही त्यात धोक्याची चिन्हं म्हणून दिली आहेत. आज ती थट्टेचा विषय झाली आहे. मला ती गंभीरपणे वाचण्याजोगी वाटते. त्या मंडळींचे कान तयार होते. त्यांनी ऐकलं ते बरोबर ऐकलं. माइकजवळचा आवाज श्रोत्याला गर्दीतून बाजूला काढतो, आणि एकट्या माणसाला एकटं राहण्याची मुभा देतो. हे घडतंय हे त्यांना नेमकं कळलं होतं. त्यांची चूक निदानात नव्हती. हा रोग आहे असं मानण्यात होती.

त्यांच्यामागे इतिहासही होता. तेरेसा यांनी नव्यानं गायलेलं 'तू पुन्हा कधी येशील' अशा अर्थाचं प्रसिद्ध गाणं मुळात 1937 च्या शांघायमधलं. ते झोउ श्वान यांनी गायलं आणि ल्यू श्वेआन यांनी बांधलं. 1957 मध्ये ल्यू यांना 'उजवे', म्हणजे पक्षविरोधी, ठरवण्यात आलं, आणि या एका चालीनं त्यांचं आयुष्य पोखरलं. चिनी शहरी संगीताला तीस वर्षं देशातून हद्दपार करण्यात आलं होतं. ते हाँगकाँग, तैपेई, सिंगापूरमध्ये वाढलं आणि रेडिओवरून रात्री परत आलं. टीकाकार ज्याला परकं म्हणत होते ते शांघायहून निघून लांबचा वळसा घेऊन घरी आलेलं होतं.

मराठी वाचकाला इथे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आठवतील. 1952 मध्ये ते माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. यंत्रणा तीच: सरकारी स्टेशन गाणं नाकारतं, शेजारचा देश ते वाजवतो, श्रोता बटण फिरवतो. फरक मोठा आहे तो किमतीत. सिलोन ऐकणाऱ्याला कुणी तुरुंगात टाकलं नाही. म्हणून तैवान किंवा ऑस्ट्रेलिया ऐकणाऱ्या चिनी श्रोत्याची निवड मला अधिक वजनदार वाटते.

ट्रेमधल्या चिठ्ठ्या

बंदी उठली ती टेलिव्हिजनवरच्या एका कार्यक्रमात, आणि त्याची हकीकत त्या कार्यक्रमाचे दिग्दर्शक हुआंग यीह यांनी अनेकदा सांगितली आहे.

12 फेब्रुवारी 1983, चांद्र वर्षाची शेवटची रात्र. सेंट्रल टेलिव्हिजन नव्या वर्षाच्या पूर्वसंध्येचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित करत होतं. छोटा स्टुडिओ, चहाची टेबलं, कलाकार आणि प्रेक्षक शेजारीशेजारी. हुआंग यांनी एक धाडस केलं होतं. स्टुडिओत चार टेलिफोन ठेवून प्रेक्षकांना फर्माइश करायला सांगितलं. तेव्हा चीनमध्ये घरी फोन असणं ही चैन होती, तरीही फोन थांबेनात. फर्माइशी चिठ्ठ्यांवर उतरवून ट्रेमध्ये घालून दिग्दर्शकाकडे पाठवल्या जात होत्या. चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या उघडल्या, बहुतेकांत एकच नाव: 'श्यांगल्यान'.

रेडिओ-टेलिव्हिजन खात्याचे मंत्री वू लेंगशी स्वतः स्टुडिओत बसले होते. हे कधीकाळी 'पीपल्स डेली'चे प्रमुख संपादक होते. काय छापायचं आणि काय नाही, यात हयात गेलेली. हुआंग यांनी ट्रे त्यांच्यापुढे धरला. ते नाही म्हणाले. थोड्या वेळानं दुसरा ट्रे आला, मग तिसरा. प्रत्येक ट्रेमध्ये तेच नाव. मंत्री अस्वस्थ होऊन येरझारा घालू लागले, आणि शेवटी पाय आपटून एकच शब्द बोलले: लावा.

ली गुयी स्टुडिओतच होत्या. त्यांनी गाणं गायलं.

मला या प्रसंगात टेलिफोनचं महत्त्व सगळ्यात जास्त वाटतं. 1980 मध्येही लोकांनी पत्रं लिहिली होती. पण पत्र पोचायला दिवस लागतात, ते कुणीतरी निवडतं, गठ्ठ्यात ठेवतं, विसरतं. इथे मागणी त्याच क्षणी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ट्रेमध्ये साठत होती, आणि प्रक्षेपण थेट होतं. मंत्र्यांना कुणी आदेश दाखवला नाही, कुणाची शिफारस नव्हती. नकार द्यायचा तर तो देश पाहत असताना द्यावा लागणार होता. वर्षानुवर्षं कर्ण्यातून एकाच दिशेनं जाणारा आवाज त्या रात्री चार तारांवरून उलट आला.

त्यानंतर

गोष्ट तिथे सरळ झाली असं नाही. ऑक्टोबर 1983 मध्ये 'आध्यात्मिक प्रदूषणा'विरुद्धची, म्हणजे पाश्चात्त्य विचार आणि संस्कृतीच्या प्रभावाविरुद्धची, सरकारी मोहीम सुरू झाली, आणि तेरेसा टेंग यांच्या कॅसेट पुन्हा जप्त होऊ लागल्या. काही महिन्यांत ती मोहीम ओसरली. 1984 च्या नववर्ष कार्यक्रमात समारोपाचं गाणं ली गुयी यांनी गायलं, आणि ते त्या कार्यक्रमाचं जवळपास कायमचं समारोपगीत झालं. 1986 मध्ये त्यांनी बीजिंगमध्ये सुगम संगीताचं एक सरकारी पथक उभं केलं. ज्या वळणासाठी त्यांना झोडपलं होतं, त्याचीच ही संस्था.

तेरेसा टेंग मुख्य भूमीवर कधीच गाऊ शकल्या नाहीत. 1991 मध्ये त्या किनमेन बेटावर आल्या आणि तिथल्या प्रक्षेपण केंद्रावरून समोरच्या किनाऱ्यावरच्या लोकांशी बोलल्या. 8 मे 1995 ला थायलंडमधल्या चिआंग माई इथे त्यांचं निधन झालं, वयाच्या 42 व्या वर्षी.

रेडिओवरचा परिणाम सगळ्यात आधी दक्षिणेत दिसला. ग्वांगडोंग प्रांतात हाँगकाँगची स्टेशनं स्वच्छ ऐकू येत, त्यामुळे तिथलं सरकारी रेडिओ केंद्र रोज श्रोते गमावत होतं. 15 डिसेंबर 1986 ला ग्वांगझोऊमध्ये पर्ल रिव्हर इकॉनॉमिक रेडिओ सुरू झाला. आधी लिहून, तपासून, वाचून दाखवायची संहिता बाजूला ठेवून निवेदक थेट बोलू लागले, मधे गाणी लावू लागले आणि श्रोत्यांचे फोन प्रक्षेपणात घेऊ लागले. 1983 मध्ये मंत्र्यांना पाय आपटायला लावणारा प्रकार तिथे रोजच्या वेळापत्रकात आला. पुढच्या काही वर्षांत देशभरच्या केंद्रांनी ही पद्धत उचलली, आणि फर्माइशीची गाणी हा चिनी रेडिओवरचा नेहमीचा कार्यक्रम झाला.